नातीच्या हाताच्या मापाचा कॅमेरा

प्रश्न : माझी नात येत्या दिवाळीत नऊ वर्षांची होईल. सुट्टीत ती साताऱ्याला आमच्याकडे येते आणि दिवसभर परसात मुंगळे, कोळी, पेरूच्या पानांवरच्या अळ्या पाहत बसते. माझा मोबाइल घेऊन ती त्यांची छायाचित्रे काढते, पण मध्येच कोणाचा तरी फोन येतो, नाहीतर तीच एखाद्या खेळाकडे वळते. तिच्या आईवडिलांना इतक्यात तिच्या हाती मोबाइल द्यायचा नाही. म्हणून तिला स्वतंत्र छोटा कॅमेरा भेट द्यावा, असे मनात आहे. बारा ते पंधरा हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. ऑनलाइन शोधले असता ‘खास मुलांसाठी, ४८ मेगापिक्सेल’ असा कॅमेरा अडीच हजारांत दिसतो आणि नावाजलेल्या कंपन्यांचे कॅमेरे १६ किंवा २० मेगापिक्सेलचे असूनही कितीतरी महाग दिसतात. हे कसे काय? आणि नेमका कोणता घ्यावा?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती मेगापिक्सेलची नसून मुंगळ्यांची आहे. मूल काय पाहते हे एकदा कळले की कॅमेऱ्याची निवड अर्धी होऊन जाते. पण आधी त्या ४८ आकड्याचा निकाल लावू.

मेगापिक्सेल म्हणजे छायाचित्रातल्या ठिपक्यांची संख्या, दहा लाखांच्या हिशेबात. स्टुडिओतून आपण चार बाय सहा इंचांची प्रत काढून आणतो, तिला इंचामागे ३०० ठिपके धरले तरी साधारण २.२ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या कागदभर प्रत काढायची झाली तरी पावणेनऊच्या आसपास. म्हणजे भिंतीवर लावण्याजोग्या चित्रालासुद्धा १६ मेगापिक्सेल उरून पुरतात. अडीच हजारांच्या कॅमेऱ्यात मुळात चित्र टिपणारा सेन्सर बहुधा काही थोड्याच मेगापिक्सेलचा असतो, आणि आतली आज्ञावली दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने नवे ठिपके भरून तो आकडा ४८ पर्यंत फुगवते. आमटीत पाणी ओतून ती चारऐवजी बारा माणसांना वाढावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय अशा कॅमेऱ्यांची भिंग बहुतेक वेळा एकाच अंतरावर कायमची बसवलेली असते. समोर उभा असलेला माणूस त्यात बरा येतो, पण तळहातावरचा मुंगळा म्हणजे नुसता काळा डाग. आपल्या नातीची निराशा नेमकी तिथे होईल, आणि नऊ वर्षांचे मूल दोष कॅमेऱ्याला न देता स्वतःला देते. पाच वर्षांच्या मुलासाठी विचारले असते, तर खेळणे म्हणून मी कदाचित होकार दिला असता.

आता भिंगाखालचा सेन्सर. छोट्या कॅमेऱ्यांत सर्रास वापरला जाणारा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. महागड्या छोट्या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. नाव एक इंची असले तरी प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, तरीही क्षेत्रफळाने पहिल्याच्या चौपट. जास्त क्षेत्रफळावर जास्त प्रकाश पडतो, म्हणून संध्याकाळी किंवा घरात त्याची चित्रे स्वच्छ येतात. पण तो आपल्या खर्चाच्या मर्यादेत नवा मिळत नाही, आणि तो नाही म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. सेन्सर लहान असला की भिंग आखूड लागते आणि समोरच्या वस्तूचा पुढचा-मागचा बराचसा भाग एकदमच स्पष्ट येतो. मुंगळ्याच्या मिशा आणि पाठ दोन्ही रेखीव यायच्या असतील, तर इथे लहान सेन्सरच कामाचा. २०१६ साली आलेल्या कॅननच्या इक्सस २८५ एचएस या २० मेगापिक्सेलच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात झूम न ताणता वस्तूपासून अवघ्या एका सेंटिमीटरवरून चित्र घेता येत असे. कॅमेऱ्यावर फुलाचे छोटे चिन्ह असते, ते या जवळच्या चित्रणाचे. आपण साताऱ्याचे आहात. सप्टेंबरात कासच्या पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची बोटाच्या पेराएवढी रोपे दिसतात, तेव्हा या फुलाच्या चिन्हाची किंमत कळेल.

दुकानात गेल्यावर एक साधी परीक्षा करा. खिशातले एक रुपयाचे नाणे काउंटरवर ठेवा, फुलाचे चिन्ह निवडा, कॅमेरा जमेल तितका जवळ न्या आणि नाण्यावरची अक्षरे पडद्यावर ठसठशीत दिसतात का ते पाहा. नाण्याने चौकट जवळजवळ भरली तर तो कॅमेरा नातीच्या कामाचा आहे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

दुसरी परीक्षा तिच्या बोटांची, आणि त्यासाठी भेटीतली गंमत थोडी कमी झाली तरी तिला बरोबर न्यावे, असे माझे मत आहे. कॅमेऱ्याचे बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते. अर्धे दाबले की भिंग अंतर जुळवते, पडद्यावर हिरवी चौकट उमटते, बारीकसा आवाज येतो. मग त्याच बोटाने उरलेले अर्धे दाबायचे. मोठ्यांना ही गोष्ट सांगण्याजोगी वाटत नाही, पण लहान मूल एका झटक्यात बटण खाली नेते, कॅमेरा हलतो आणि चित्र पुसट येते. एका भाचीला मी दुपारभर पाटावरच्या लिंबाचे चित्र काढायला लावले होते. हिरवी चौकट आल्यावर मनात ‘एक’ म्हणायचे आणि मगच पुढे दाबायचे, एवढाच नियम. सुमारे विसाव्या लिंबाला तिचे बोट शिकले. काही कॅमेऱ्यांचे बटण इतके हलके असते की हा मधला टप्पा लहान बोटाला जाणवतच नाही; तसा कॅमेरा बाजूला ठेवावा.

झूमबद्दल दुकानदार फार बोलेल. भिंग प्रत्यक्ष पुढे सरकते तो ऑप्टिकल झूम, तेवढाच मोजावा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे, ते काम नंतर संगणकावरही होते. चार-पाचपट पुष्कळ झाला. तीसपट झूम असलेला कॅमेरा मुलाच्या हातात तोललाच जात नाही.

पर्याय थोडेच दिसतील, याचे आश्चर्य वाटू देऊ नका. जगभरात २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, त्यांतले बहुतेक असेच छोटे. २०२० साली सर्व प्रकारांचे मिळून एक कोटीही भरले नाहीत. मोबाइलने हा धंदाच गिळला. आज नव्या आणि साध्या कॅमेऱ्यांत कोडॅक पिक्सप्रो मालिकेतील एफझेड ४५ आणि एफझेड ५५ ही नावे आपल्यासमोर येतील. कोडॅक हे नाव इथे परवान्याने वापरलेले आहे, कॅमेरे दुसरीच कंपनी तयार करते, त्यामुळे जुन्या कोडॅकची पुण्याई त्यांच्या खात्यावर मांडू नये. तरीही दोन्ही १६ मेगापिक्सेलचे, सरळ आणि हलके आहेत. पहिल्यात चारपट झूम असून तो दोन पेन्सिल सेलवर चालतो; दुसऱ्यात पाचपट झूम आणि चार्ज करायची बॅटरी आहे. गावी राहणाऱ्या आजोबांकडे सुट्टीला येणाऱ्या मुलीसाठी मी पेन्सिल सेलचा निवडेन, कारण चार्जर पुण्या-मुंबईला विसरला तरी सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. मात्र साधे सेल फ्लॅशमुळे भराभर उतरतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या आणि त्यांचा चार्जर भेटीतच द्यावा. आणि हो, नाण्याची परीक्षा या दोघांनाही माफ नाही.

ताबडतोब कागदी चित्र बाहेर काढणारे इन्स्टॅक्ससारखे कॅमेरे मुलांना विलक्षण आवडतात. परंतु त्यांच्या एका पाकिटात दहाच चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राला पैसे मोजावे लागतात. मुंगळा तर दहा चित्रांत एकदा स्थिर बसतो. आमच्या लहानपणी घरातल्या आग्फा क्लिकमध्ये रोलमागे बाराच चित्रे निघत आणि वडील प्रत्येक ‘क्लिक’आधी सगळ्यांना दोनदा ताठ उभे करीत. त्या काटकसरीचे कौतुक आज करायला सोपे आहे, पण त्यामुळे घरातल्या एकाही मुलाच्या हाती तो कॅमेरा कधी आला नाही, हेही खरे.

तेव्हा कॅमेरा दिल्यावर तो तिचा असू द्या. निकॉनने काही वर्षांपूर्वी मुलांसाठी काढलेल्या डब्ल्यू १०० या कॅमेऱ्याला दहा मीटर पाण्यात आणि १.८ मीटर उंचीवरून पडल्यावरही टिकण्याची हमी होती; आपण घ्याल त्या कॅमेऱ्याला तशी नसेल, म्हणून मनगटात अडकवायची दोरी पहिल्या दिवसापासून सक्तीची. सोळा जीबीचे कार्ड पुरेसे आहे, त्यात दोन-तीन हजार चित्रे सहज मावतात. रात्री तिच्यासोबत बसून नकोशी चित्रे काढून टाका, पण कोणती काढायची ते तिने ठरवावे. माणसांचे चित्र विचारून काढायचे, एवढे मात्र आपणच सांगा. आणि स्नेहसंमेलनातली चित्रे काळपट आली तर रागावू नका. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही, रंगमंच त्याच्या आवाक्याबाहेरचाच असतो.

प्रश्न : आमच्या कपाटात २००९ साली घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा पडून आहे. आठ वर्षांच्या मुलाला तोच दिला तर चालेल का, की नवाच घ्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालू असेल तर अवश्य द्या, पण आधी भिंग तपासा. मोबाइलची विजेरी तिरकी धरून पाहिले की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसतात का? ती बुरशी. कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या दमट हवेत, विशेषतः चामड्याच्या पाकिटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास लागते. माझा एक चांगला कॅमेरा असाच दोन पावसाळ्यांत गेला. बुरशी नसेल तर यापुढे तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड भिंगाच्या सांध्यात जाते. सिलिका जेलचे निळे मणी टाळून केशरी घ्या, कारण निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो आणि घरात मूल आहे.

मग बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा. ती फुगून डुलत असेल तर वापरू नका, टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्याकडे द्या. तिच्यावरचा क्रमांक टिपून नवी मिळते का ते पाहा. मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजाराकडच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी करावी. कार्ड साध्या एसडी आकाराचे असेल तर काळजी नाही, मात्र ३२ जीबीहून मोठे घालू नका, त्या काळचे बरेच कॅमेरे ते ओळखत नाहीत. कार्ड एक्सडी या आता बंद पडलेल्या प्रकारचे निघाले, तर नवे शोधण्यात मुलाचा उत्साह संपून जाईल. त्यापेक्षा नवा कॅमेरा बरा.

शेवटी पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काढा आणि ते संगणकावर मोठे करून काळे ठिपके आहेत का पाहा. एखाद-दुसरा असला तरी आठ वर्षांच्या मुलाचे काही अडणार नाही. कॅमेरा सुरू करताच प्रत्येक वेळी तारीख विचारू लागला, तर तो बिघडला असे समजू नका. वेळ लक्षात ठेवणारा आतला बारीक सेल उतरलेला असतो. चार्ज केलेली बॅटरी कॅमेऱ्यात एक-दोन दिवस तशीच राहू दिली की बहुतेक कॅमेऱ्यांत तो पुन्हा भरतो.