जांभया यायला लागल्या की सावध हो
अगं, अर्धशिशी ठणक्यापासून सुरू होत नाही. ती बऱ्याचदा आदल्या दिवशीच येऊन बसलेली असते. माझ्या बाबतीत जांभयांवर जांभया, आखडलेली मान आणि गोड खायची हुक्की. कित्येक वर्षं मी चॉकलेटला दोष देत होते. ती हुक्कीच अटॅकची सुरुवात असू शकते, हे फार उशिरा कळलं.

मग काहींना (सगळ्यांना नाही, मला क्वचितच) डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, साधारण ५ ते ६० मिनिटं. नंतर ठणका, औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास. यात पोटाचं कामही मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठणका हलका असतानाच घे, ‘बघू थोडा वेळ’ करू नकोस. पण ट्रिप्टानच्या (खास अर्धशिशीवरच्या) गोळ्या महिन्यात १० दिवस, साधी पॅरासिटामॉल १५ दिवस लागायला लागली, तर गोळ्यांमुळेच डोकं धरू शकतं.

ठणका थांबल्यावरही दिवसभर पिळून काढल्यासारखं होतं. घरचे विचारतील, “आता बरी आहेस ना?” नसतेस. त्या दिवशी खिचडीवर भागव.

आणि हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा क्षणात असह्य डोकं उठलं, तर अर्धशिशी समजून अंधारात पडून राहू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.