आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेवा करून गेलेल्या मृत फादरांसाठी स्मारक बांधावं का?

भुसावळहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दफनभूमीत मृत फादरांचं संगमरवरी स्मारक उभारायचं घाटतंय, ते योग्य आहे का? आणि नवे फादर मिळेनासे झालेत, तर आशा कशाची धरायची?

माझं स्पष्ट मत, स्मारक नको. खानदेशात राबलेले कितीतरी फादर खानदेशात पुरलेलेच नाहीत. वसई, गोवा, केरळ, युरोप इथून आले, बदली झाली, म्हातारपण दुसरीकडे गेलं. व्रतस्थ संघातल्यांना, म्हणजे व्रत घेऊन जेझुइटांसारख्या संघात राहणाऱ्या फादरांना, बहुधा संघाच्या दफनभूमीत मूठमाती मिळाली. शिवाय अशा दगडांवर देणगीदारांची नावं ठसठशीत असतात आणि फादरांच्या मृत्यूची तारीख चुकलेली असते. हे मला सहन होत नाही. आधी नावं आणि तारखा जमवा.

त्यासाठी बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडा. प्रत्येक नोंदीत बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांचं नाव असतं. एकेका नावाची पहिली आणि शेवटची तारीख टिपली की कच्चा तक्ता होतो. पाहुणे फादरही बाप्तिस्मा देत, म्हणून एखाद-दुसरी सही असलेलं नाव लग्नाच्या आणि मृत्यूच्या रजिस्टरशी ताडून पाहा. जुन्या लॅटिन नोंदींत हमखास फसगत होते ती महिन्यांची. सातचा आकडा आणि त्यापुढे 'ब्रिस' लिहिलेलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. तसाच आठचा आकडा म्हणजे ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर, दहाचा डिसेंबर. नावांचंही तसंच. लॅटिनमधला योआनेस आणि इंग्रजीतला जॉन हे एकच फादर असू शकतात, नाहीतर यादीत एका माणसाचे दोन होतात.

मृत्यूची तारीख इथल्या रजिस्टरात सहसा सापडत नाही. नाशिक धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) १९८७ मध्ये झाला, त्याआधी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता. तेव्हा जुन्या धर्मप्रांतीय (संघात नसलेल्या) फादरांसाठी पुण्याला विचारा, नंतरच्यांसाठी नाशिकला. संघातले फादर असतील तर संघाच्या प्रांतिक कार्यालयात मृतांची तारीखवार यादी असते. आणि प्रत्येक नावाची खात्री करून घ्या. वृद्धाश्रमात हयात असलेल्या फादरांचं नाव मृतांच्या यादीत जाणं ही फार वाईट गोष्ट आहे.

तारखा हातात आल्या की वर्षाच्या कॅलेंडरवर चढवा आणि त्या त्या दिवसाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) त्या फादरांसाठी मागा. एका मिस्सासाठी एकच दान, हा सर्वसाधारण नियम. सगळ्या फादरांची नावं एका पाकिटात घालून मोकळं होणं मला पटत नाही. तारीख रविवारी आली तरी हेतू, म्हणजे मिस्सा कोणासाठी ते, तोच ठेवता येतो, फक्त प्रार्थना आणि वाचनं रविवारचीच होतात. साध्या काळातल्या (नाताळ, उपवासकाळ, ईस्टर असे खास काळ सोडून) आठवड्याच्या दिवशी मात्र मिस्सा ग्रंथातल्या 'मृत धर्मगुरूसाठी' असलेल्या खास प्रार्थना घेता येतात. त्या घ्यायला सांगा, बरेचदा राहून जातात. २ नोव्हेंबरला प्रत्येक फादरांना तीन मिस्सा करायची मुभा आहे, ती १९१५ पासूनची. पण वर्षातून त्या एका दिवशी फुलं आणि फ्लेक्स, आणि उरलेलं वर्ष कबरीवर गवत, याला मान देणं म्हणत नाहीत.

जे इथेच पुरलेत त्यांच्या कबरींवर खर्च जरूर करा. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून फरशी हमखास तडकते. त्यात पेटी कुजली की माती खाली बसते. दफनानंतर निदान दोन पावसाळे फक्त क्रूस आणि कडेला विटा ठेवा. मग दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून चोपा, वर चार इंच काँक्रीट घाला, उतार बाहेर काढा. अक्षरं खोदूनच घ्या. नुसत्या रंगाची आपल्या उन्हात टिकत नाहीत. जुना संगमरवर ॲसिडनं धुऊ देऊ नका. तो चुनखडीचाच प्रकार, अक्षरांच्या कडा विरघळतात. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

आता आशेचं. त्याच रजिस्टरात पाड्यांवरच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी नीट पाहा. एखादं नाव धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा) म्हणून पानोपानी येत असेल, तर तो बहुधा तिथला मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा पोचत, बाकीचे रविवार लोकांना जमवायचं, प्रार्थना शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायचं, हे त्यानं केलं. 'फादर नाहीत म्हणजे चर्च संपलं' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांनी ही पानं उलटून पाहावीत. यादीत फादरांच्या शेजारी त्या काळच्या मास्तरांचं नाव लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती अहिराणीत सांगतील ते अहिराणीतच उतरवून घ्या. स्मारकाचे पैसे आजच्या मास्तरांच्या प्रशिक्षणाला आणि प्रवासाला द्या.

हे सगळं प्रमुख धर्मगुरूंना विचारूनच करायचं. रजिस्टर ऑफिसबाहेर नेता येत नाही, आणि त्यात घरोघरच्या खाजगी बाबी असतात, म्हणून पानांचे फोटो काढू नका. नाव आणि तारीख तेवढी हातानं उतरवा. संघाच्या दफनभूमीतल्या कबरीला संघाची परवानगी लागेल, ती लेखी घ्या.