ग्रीन टी, डाळिंब यांतल्या पॉलिफेनॉल या वनस्पतीजन्य घटकांमुळे आतड्यातले जिवाणू बदलून वजन उतरतं का?

उतरलं तरी किंचित. त्यावर भिस्त ठेवू नका. उंदरांवरचे निकाल झकास आहेत: चरबीयुक्त खाद्यासोबत द्राक्षाचा किंवा क्रॅनबेरीचा अर्क दिल्यावर वजन कमी वाढलं आणि आतड्याच्या श्लेष्मथरात राहणारा अ‍ॅकरमॅन्सिया हा जिवाणू भरपूर वाढला. माणसांवरच्या ग्रीन टीच्या चाचण्या एकत्र पाहिल्या की मात्र घट नगण्य निघते.

खरी गंमत मोठ्या आतड्यात. बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात शोषली जातच नाहीत. पुढे जिवाणू त्यांचे तुकडे करतात. डाळिंबातल्या एलाजिटॅनिन या पॉलिफेनॉलपासून ते युरोलिथिन नावाचं संयुग बनवतात आणि ते रक्तात पोचतं. हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात, त्यामुळे तेच डाळिंब दोघांना सारखं लागू पडेलच असं नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

फळ अख्खं खा. रस गाळला की चोथा जातो, साखर उरते. जांभूळ, आवळा, सालासकट कडधान्यं चालतील. चहा बिनसाखरेचा, पण जेवणाबरोबर नको: त्यातली पॉलिफेनॉल डाळी-पालेभाज्यांतलं लोह अडवतात. तासभर अंतर ठेवा, हिमोग्लोबिन कमी असेल तर नक्कीच.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र जपून. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवलं की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते. रिकाम्या पोटी ते जास्त शोषलं जातं. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर कॅप्सूल ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.