घरचं पाणी किती लिटर, हे वर्गात विचारू नका (इयत्ता सहावी, जलचक्र)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पेपर तपासायचे बाजूला ठेवून लिहायला बसले. मुलं जलचक्राची आकृती बिनचूक काढतात, पण नळाला पाणी कुठून येतं म्हटलं की 'टाकीतून' सांगतात. म्हणून सोमवारी तुम्ही त्यांना घरचं रोजचं पाणी मोजून आणायला सांगणार, आणि नावांसकट तक्ता फळ्यावर मांडणार. कृपा करून तो मांडू नका. मी मांडला होता.

माझ्या वर्गात टॉवरमधली, चाळीतली आणि टेकडीवरच्या वस्तीतली मुलं एकत्र होती. आकडे शेजारी-शेजारी आले की पाणीवाटपाचा प्रश्न आपोआप कळेल, असं मला वाटलं. एका मुलीनं ६०० लिटर लिहून आणलं. तिच्याच गल्लीतला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "खोटं आहे बाई, हिची आई कॅननं विकत आणते." मी विषय तिथेच थांबवायला हवा होता. मी तिला विचारलं, "मग नक्की किती?"

चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई आली, भांडायला नव्हे. ती घाबरली होती. ज्यांच्याकडून ती पाणी घ्यायची त्यांची जोडणी कागदोपत्री नव्हती. "आमचं पाणी लिहून कुठे दिलंय का?" एवढंच तिला विचारायचं होतं. गल्लीचं पाणी तुटलं तर बोट तिच्या पोरीकडे दाखवलं गेलं असतं. तक्ता मी फाडला, पण त्या मुलीनं वर्षभर माझ्या तासाला हात वर केला नाही. (बेकायदा वस्तीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. पण पहाटे रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या निकालाचा आधार वाटत नाही.)

माझं मत स्पष्ट आहे: किती वापरता हे विचारू नका, कुठून आलं ते विचारा. मी भूगोल शिकवते, जलअभियंता नाही, तेव्हा तांत्रिक चूक असेल तर जाणकारांनी सांगावं.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव नकाशावर शोधायला लावा. विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा शहराबाहेर, ऊर्ध्व वैतरणा तर थेट नाशिक जिल्ह्यात. साताही तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. मुंबईला रोज सुमारे ४,००० दशलक्ष लिटर लागतात, असं धरून भागाकार करायला सांगा. उत्तर वर्षाच्या जरासं आत येतं. त्यावर कुणीतरी विचारतंच, "बाई, आणि उन्हानं उडून जाईल त्याचं काय?" तिथे बाष्पीभवन शिकवा, पाणीकपातही तिथेच समजते. साठा १ ऑक्टोबरला का मोजतात, हेही मुलं मग स्वतः सांगतात.

'कुणाचं पाणी' हा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलानं आणला. त्याच्या मामाचं गाव शहापूर तालुक्यात. तो म्हणाला, मे महिन्यात तिथे टँकर येतो. तानसा आणि भातसा त्याच तालुक्यात आहेत! वर्ग गप्प झाला. टॉवर आणि वस्ती दोन्हीकडची मुलं तेव्हा एकाच बाजूला होती, घेणाऱ्यांच्या. मला फळ्यावरच्या तक्त्यातून जे हवं होतं ते असं मिळालं, कुणाची मान खाली न घालता.

सहलीबद्दल विचारलंय तुम्ही. जलशुद्धीकरण केंद्र दाखवायचं म्हणून मी एका कार्यालयात तीन महिने खेटे घातले. दर वेळी नवा कागद. आधी मुख्याध्यापकांचं पत्र, मग मुलांची यादी, मग तीच यादी वेगळ्या नमुन्यात, आणि शेवटी 'साहेब बदलले, नव्यानं अर्ज करा'. तोवर परीक्षा आली. दारातून परत पाठवायचं होतं तर पहिल्याच दिवशी पाठवायचं होतं, साठ मुलं वाट बघत होती. तुमचा अनुभव चांगला येवो, पण धडा त्या परवानगीवर टांगून ठेवू नका. तुळशी भरला की पाणी विहारमध्ये, विहार भरला की मिठी नदीत, तिथून माहीमची खाडी आणि अरबी समुद्र. सगळी आकृती घराजवळ आहे. पालकांना सोबत घेऊन मिठीवरचा एखादा पूल दाखवलात तरी चालेल, मात्र पावसाचा जोर असताना अजिबात नको.

प्रयोगाचं एक सांगते. ताटलीतलं पाणी आटवायचा प्रयोग जुलैत करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ताटली दिवसभर ओलीच राहते आणि मुलांचा धड्यावरचा विश्वास उडतो. फेब्रुवारीत करा, मिठाचं पाणी घेऊन. खाली मीठ उरलेलं दिसलं की समुद्राचं पाणी खारट आणि पाऊस गोड का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत तलावांची पातळी रोज छापून येते. माझा वर्ग ती भिंतीवरच्या आलेखात भरतो, रोज एक जोडी. आलेखाचा नमुना हवा असेल तर सांगा, सोमवारच्या आत फोटो काढून टाकते.