पॅम्फ्लेट राहू दे, आधी झेरॉक्सच्या दुकानात जा

बाळा,

तुझा मेल वाचला. इंदूरमधल्या, पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांच्या वस्तीत तुम्ही संस्थेवाले दर शनिवारी टेबल मांडता, बॅनर लावता, समुपदेशक बसवता आणि कुणी फिरकत नाही. वर तुझा प्रश्न, ‘काकू, या लोकांना गरजच नाही का?’ मागच्याच महिन्यात तिथल्या एका मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला, हे तूच लिहितोस आणि चार ओळींनंतर हे विचारतोस! आधी रागच आला. मग वाटलं, तुम्हाला टेबल मांडायलाच शिकवलं असेल तर तू तरी काय करणार.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. पुढे ते, मागे आपण.

तुमच्या पॅम्फ्लेटवर पहिलाच शब्द ‘मानसिक आरोग्य’. त्या वस्तीत माणसाची झोप उडते ती दीर्घ मुदतीच्या व्हिसापायी. पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली की दिल्लीच्या उच्चायोगाच्या खेपा. २०१६च्या डिसेंबरात इंदूर आणि भोपाळच्या कलेक्टरांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले तेव्हा मिठाई वाटली गेली. मार्च २०२४मध्ये नव्या नागरिकत्व कायद्याचे नियम आले, पण त्यात ३१ डिसेंबर २०१४ची रेघ, त्या तारखेपर्यंत आलेल्यांनाच लाभ. एकाच घरात थोरला भाऊ रेघेच्या अलीकडे, धाकटा पलीकडे. एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत हा खुलासाही आला, पण तोवर लोकांच्या पोटात गोळा आलाच होता.

तेव्हा लोक कुठे गेले? झेरॉक्सच्या दुकानात. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा तो पोरगा तू पाहिला असशीलच. काउंटरखाली प्लॅस्टिकच्या फोल्डरांची चळत, प्रत्येकावर स्केच पेनने घराण्याचं नाव, आत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो नि घडी पडून फाटायला आलेल्या पावत्या. कुणाचा अर्ज अडकलाय, कुणी येणंच सोडलंय, हे त्याला तुमच्या समुपदेशकाच्या कितीतरी आधी कळतं. मला तो एकदा एवढंच म्हणाला, ‘आंटी, वो फोटो खिंचवाने भी नहीं आया।’ ज्या मुलाबद्दल तो बोलत होता, त्याचा मावसभाऊ त्यावरून जाऊन त्याच्याजवळ बसला, सरळ विचारलं, ऐकून घेतलं, रात्रभर तिथेच राहिला. मी सकाळी डॉक्टरांना फोन केला. माझं काम तेवढंच होतं.

सरळ विचारायचं म्हणजे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं. विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरतं, असं अजून पुष्कळांना वाटतं. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. पण तो प्रश्न सिंधीतून, आपल्या माणसाने विचारायला हवा. पुढे ते!

कागद मिळाले की सगळं सुटतं असंही समजू नकोस. भूतानमधून १९९०च्या सुमारास हुसकावले गेलेले नेपाळीभाषक नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिले आणि २००८पासून अमेरिकेत गेले. घर मिळालं, कागद मिळाले. तरी २००९ ते २०१२ या काळात त्यांच्यात १६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. दर निघाला वर्षाला लाखामागे २४.४, अमेरिकेच्या सर्वसाधारण दराच्या जवळपास दुप्पट. पाहणीत काय दिसलं? घर चालवण्याचं काम ज्याच्या हातून गेलं, पाठीशी कुणी नाही असं ज्याला वाटलं, त्याच्या मनात मरणाचे विचार जास्त. पुढे त्या समाजातल्याच लोकांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळालं. म्हाताऱ्यांसाठी सामुदायिक भाजीमळे निघाले. झिम्बाब्वेतल्या हरारेत तर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६मध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर लोकांचं मन ऐकून घ्यायला चक्क आज्यांना बसवलं, आणि तिथल्या चाचणीचे निकाल २०१६मध्ये छापून आले तेव्हा भल्याभल्यांना ऐकावं लागलं. मी हेच इथे सांगत होते तेव्हा मला ‘अशास्त्रीय’ म्हणाले होते. असो.

आता ‘ते’ म्हणजे कोण, यात फसू नकोस. पंचायतीचे मुखी, म्हणजे पुढारी, सत्काराला पुढे असतात. चांगली माणसं आहेत, पण नवी सून त्यांच्याजवळ मन मोकळं करेल का? लहान वस्तीत गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरं फिरून येते. पापड लाटायला बसणाऱ्या बायकांत एखादी अशी असते की तिच्या पोटात गोष्ट राहते. ती हुडक. ती कोण, हे बायकाच सांगतील.

आणि मागे राहायचं म्हणजे हात झटकायचे नाहीत. कुणी आजच्या आज मरणाची भाषा करत असेल तर त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या-औषधं शेजारी ठेवायला द्यायची, १४४१६वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा आणि एम.वाय. हॉस्पिटल गाठायचं. पोलिसांत नाव गेलं तर व्हिसा जाईल, या भीतीने लोक दवाखाना टाळतात. त्यांना २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ समजावून सांग. प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो. शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. ते वस्तीच्या भाषेत लिहून घे. तुझ्या भाषेत नको.

मी जिथे काम करत होते तिथे हजेरीपटावर सह्या हव्या असायच्या, देणगीदारांना दाखवायला. व्हिशावर राहणारा माणूस कुठल्याही कागदावर सही करताना दहादा विचार करतो, हे मी सांगून थकले. शेवटी सह्या घेणार नाही म्हणाले आणि बाहेर पडले. हट्टी म्हणाले मला. आहेच मी हट्टी. त्यात एक जुनी मैत्रीण दुरावली. ती गेली तेव्हाही आमचं बोलणं बंद होतं, याची चुटपुट रात्री-बेरात्री छळते. सह्या घेतल्या नाहीत, याची नाही. आजही घेणार नाही, आणि तूही घेऊ नकोस.

तर येत्या शनिवारी टेबल नको. दुकानात जा, चहा सांग, कुणाचा फॉर्म अडला असेल तर तो भरू लाग. महिनाभर ‘समुपदेशन’ हा शब्द तोंडातून काढू नकोस. पापडवाल्या बायकांकडे एकट्याने जाऊ नकोस, तुमच्या ऑफिसातल्या ताईंना ने. प्रशिक्षण कधी, कुठे आणि कुणाला, हे त्या मंडळींनी ठरवल्यावर मला कळव. मी येईन, मागच्या रांगेत बसेन.

मॅनेजरला आकडे काय दाखवायचे, ते मात्र मला विचारू नकोस. आणि त्यांच्यासमोर माझं नाव काढू नकोस, होणारं काम अडेल.

तुझी,
काकू