वाचकांचे प्रश्न : गाड्या गेल्या किती आणि उठाव किती?

विजेवरच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत. कोणता शेअर घ्यावा, हे या सदरात सांगितले जात नाही.

प्रश्न : टाटांच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा महिन्याचा आकडा कंपनी एक सांगते, पेपरात फाडाच्या हवाल्याने दुसराच येतो आणि ‘वाहन’ पोर्टलवर तिसरा दिसतो. यातला खरा कोणता?
— एक वाचक, कराड

तिन्ही खरे. मोजायची जागा वेगळी आहे, एवढेच. कंपनी दर महिन्याच्या सुरुवातीला शेअर बाजाराला जो आकडा कळवते, तो मुख्यतः कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. गाडी शोरूममागच्या यार्डात धूळ खात उभी असली, तरी कंपनीच्या वहीत ती विकली गेलेली असते. शिवाय टाटांच्या पत्रकात इलेक्ट्रिकची जी ओळ असते, तिच्यात देशातली विक्री आणि परदेशी गेलेल्या गाड्या एकत्र धरलेल्या असतात. ‘वाहन’ मोजते ती आरटीओतली नोंदणी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावावर झालेली गाडी. फाडा ही वितरकांची संघटना. तिचे आकडे ‘वाहन’वरूनच घेतलेले असतात. तेलंगणाची नोंदणी बराच काळ त्या पोर्टलवर नव्हती, त्यामुळे फाडाच्या तक्त्याखालची तळटीप वगळून तुलना करू नका.

सांगलीच्या हळद बाजारात आवक (आलेला माल) आणि उठाव (गिऱ्हाइकाने उचललेला माल) यांत कोणी गल्लत करत नाही. मोटारींच्या बातम्यांत ती सर्रास होते. कंपनीचा आकडा सलग दोन-तीन महिने नोंदणीपेक्षा बराच मोठा राहिला आणि निर्यातीने तो फरक भरून निघत नसेल, तर माल वितरकाच्या गळ्यात पडतो आहे असे समजा. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांचा वितरकांकडचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेल्याचे फाडाने सांगितले होते. संघटनेच्या मते तो २१ दिवसांचा असावा. असा साठा झाला की आधी सवलती निघतात आणि मग कंपनी माल पाठवणे आवरते. म्हणजे कंपनीचा आकडा पडल्याची बातमी येते, तेव्हा उठाव आधीच काही महिने मंदावलेला असतो. ओळखीत कोणी नवी गाडी घेतली असेल तर आरसी (नोंदणीचे प्रमाणपत्र) मागून बघा. तिच्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. त्यात आणि नोंदणीच्या तारखेत चार-पाच महिन्यांचे अंतर दिसले, तर ती गाडी तेवढा काळ कुठेतरी उभी होती.

आपल्या जिल्ह्याचा आकडा घरबसल्या काढता येतो. ‘वाहन’च्या डॅशबोर्डवर राज्य महाराष्ट्र निवडा. सातारा जिल्ह्यासाठी एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड अशी जिल्ह्यातली सगळी कार्यालये वेगवेगळी काढून बेरीज करावी लागते, सांगलीसाठी एमएच-१० धरून तसेच. उभ्या रकान्याला ‘मेकर’, आडव्याला ‘मंथ वाइज’ लावा आणि रिफ्रेश करा. मग डावीकडच्या चाळणीत इंधनापुढे ‘इलेक्ट्रिक (बीओव्ही)’ आणि ‘प्युअर ईव्ही’ अशा दोन्ही खुणा करा. एकच केली तर आकडा तोकडा येतो. वाहनप्रकारात ‘मोटर कार’ निवडायला विसरलात तर स्कूटर आणि ई-रिक्षा आत घुसतात. टॅक्सी ‘मोटर कॅब’खाली वेगळी असते. टाटा आणि महिंद्रा या दोघांचीही नावे यादीत एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत, कारण इलेक्ट्रिक गाड्यांसाठी त्यांनी उपकंपन्या काढल्या आहेत. टाटा पॅसेंजर इलेक्ट्रिक मोबिलिटी आणि महिंद्रा इलेक्ट्रिक ऑटोमोबाइल या ओळी शोधा. आणि एका आरटीओच्या आकड्यावर टक्केवारी काढू नका. चाराच्या सात गाड्या झाल्या तरी वाढ ७५ टक्के दिसते.

सणांचे गणित वेगळे मांडावे लागते. पितृपक्षात आपल्याकडे गाडी घरी आणत नाहीत. २०२४ मध्ये पितृपक्ष सप्टेंबरच्या उत्तरार्धात होता आणि नवरात्र ३ ऑक्टोबरला बसले. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के होता तसाच राहिला. अशा दोन सप्टेंबरांची तुलना करून ‘उठाव वाढला’ किंवा ‘ग्राहक पेट्रोलकडे वळला’ म्हणणारा मथळा बाजूला ठेवा. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची बेरीज करून ती मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडून बघा. आणखी एक बारकावा : नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढता येत नाही, म्हणून पाडव्याला किंवा दसऱ्याला हार घातलेल्या गाडीची नोंद पोर्टलवर काही दिवस आधीच पडलेली असते. सण महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आला, तर बरीच नोंदणी आदल्या महिन्यात जाते.

प्रश्न : टेस्लाच्या डिलिव्हरी घटल्या की एक बातमी म्हणते कारखाने बंद होते, दुसरी म्हणते लोक मस्कवर नाराज आहेत. सामान्य गुंतवणूकदाराने हे कसे पडताळायचे?
— एक वाचक, सांगली

टेस्ला वितरक ठेवत नाही, स्वतःच विकते. त्यामुळे तिची डिलिव्हरी म्हणजे ग्राहकाच्या ताब्यात गेलेली आणि कागदपत्रे पुरी झालेली गाडी. तिमाही संपली की दोन-तीन दिवसांत उत्पादन आणि डिलिव्हरी असे दोन आकडे येतात. बातमीत बहुधा एकच येतो. दोन्ही शेजारी मांडले की बरेच उलगडते.

जानेवारी ते मार्च २०२५ घ्या. डिलिव्हरी ३,३६,६८१; आदल्या वर्षी याच तिमाहीत ३,८६,८१०. घट १३ टक्क्यांची. कंपनीचे म्हणणे, मॉडेल वाय या गाडीची नवी आवृत्ती आणण्यासाठी चारही कारखान्यांतली लाइन थांबवावी लागली. उत्पादन ४,३३,३७१ वरून ३,६२,६१५ वर आले होते, म्हणजे तेवढे म्हणणे खरेच. पण अडचण फक्त मालाच्या तुटवड्याची असती, तर जुना साठा संपायला हवा होता. झाले उलट : बनलेल्या गाड्यांपैकी २५,९३४ जास्तीच्या उरल्या. त्यातल्या काही वाटेत, जहाजावर असतील हे मान्य, पण एकट्या लाइनबंदीवर खापर फोडता येत नाही. उरलेला दोष मस्क यांच्या राजकारणाचा, स्पर्धेचा की नव्या मॉडेलची वाट बघत थांबलेल्या ग्राहकांचा, हे या दोन आकड्यांतून निघत नाही. तसे छातीठोकपणे लिहिणाऱ्याने पुरावा वेगळा द्यायला हवा.

उलट बाजूचे उदाहरण त्याच वर्षीचे. जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये डिलिव्हरी ४,९७,०९९ झाल्या, तोवरचा तिमाही उच्चांक; उत्पादन मात्र ४,४७,४५०. अमेरिकेतली ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती, म्हणून लोकांनी खरेदी पुढे ओढली. पुढच्याच तिमाहीत आकडा ४,१८,२२७ वर आला. उच्चांकाच्या मथळ्यावर शेअर घेणाऱ्याने पुढच्या तिमाहीचा उठाव आजच मोजला होता. अशा वेळी दोन तिमाहींची सरासरी काढावी, नाहीतर सरळ वर्ष बघावे : २०२३ मध्ये १८,०८,५८१, २०२४ मध्ये १७,८९,२२६ आणि २०२५ मध्ये १६,३६,१२९.

दोन ठिकाणी मराठी वाचक हमखास फसतो. टेस्लाचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, म्हणून तिची पहिली तिमाही ती आपली चौथी. दुसरे, ‘टेस्लाची चीनमधली विक्री’ म्हणून येणारा महिन्याचा आकडा पुष्कळदा शांघायच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांचा असतो. त्यात निर्यातही असते, म्हणून त्यावरून चिनी ग्राहकाचे मन कळत नाही.

आणि भाव आकड्याप्रमाणेच हलेल असे धरू नका. २ एप्रिल २०२५ ला वरचा पडलेला आकडा आला. सुरुवातीला शेअर घसरलाही. मग मस्क अमेरिकी सरकारच्या कामातून लवकरच बाजूला होतील अशी बातमी आली आणि तो दिवस सुमारे ५ टक्के वर बंद झाला.

प्रश्न : महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना पहिल्याच दिवशी ३० हजारांवर बुकिंग आले होते. बुकिंगवरून उठाव कळतो ना?
— एक वाचक, विटा

कळतो, पण बुकिंग म्हणजे बाजारातल्या तुरी. १४ फेब्रुवारी २०२५ ला बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मिळून ३०,१७९ बुकिंग झाले. या सगळ्या गाड्यांची मिळून एक्स-शोरूम किंमत ८,४७२ कोटी रुपये. भागून पाहा : गाडीमागे साधारण २८ लाख येतात. म्हणजे बहुतेकांनी महागडा पॅक (गाडीची वरच्या किमतीची आवृत्ती) निवडला होता, आणि कंपनीनेही आधी तोच द्यायचे ठरवले होते. गाड्या मार्चपासून मिळू लागल्या. स्वस्त पॅकची पाळी पुढच्या महिन्यांत होती. गुंतवणूकदाराने पुढे बघायचे ते एवढेच, की दर महिन्याची नोंदणी किती आहे आणि वाट पाहण्याचा काळ कसा बदलतो आहे. नोंदणी वाढत नसताना प्रतीक्षा झपाट्याने कमी झाली, तर बुकिंग रद्द होत आहेत.

बुकिंगची रक्कम जितकी किरकोळ, तितका आकडा पोकळ. टेस्लाच्या सायबरट्रकचे आरक्षण १०० डॉलरला होते आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी ते केल्याचे मस्क यांनी सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये बाहेरची पट्टी सुटते म्हणून अमेरिकेतले जवळपास सगळे सायबरट्रक माघारी बोलावले गेले, तेव्हा त्यांची संख्या निघाली ४६,०९६. कंपनी या मॉडेलचा आकडा वेगळा देत नाही. तो असा आडमार्गाने बाहेर आला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मिरजेत बसून टेस्लाचे थोडे शेअर घेता येतील का? कराचे काय?
— एक वाचक, मिरज

येतात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) नाही. त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के कापला जातो आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआत विकले तर तुमच्या नेहमीच्या दराने कर. टेस्ला लाभांश देत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या कपातीचा प्रश्न तूर्त नाही.

चूक होते ती फॉर्ममध्ये. पेन्शनवाले सवयीने आयटीआर-१ भरतात. परदेशी शेअर एकच असला तरी तो चालत नाही; आयटीआर-२ लागतो आणि त्यातले परदेशी मालमत्तेचे एफए परिशिष्ट भरावे लागते, विक्री केली नसली तरीही. ते परिशिष्ट एप्रिल-मार्चचे नसून जानेवारी-डिसेंबरचे असते, म्हणून ३१ डिसेंबरचे होल्डिंगचे पत्रक ब्रोकरकडून आठवणीने काढून ठेवा.