वाचकांचे प्रश्न : जुन्या घरात छताचा दिवा बदलताना

प्रश्न : आमचं घर पुण्यात, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आहे. कडीपाटाच्या छतावर लाकडी बॅटन पट्टीवरून वायरिंग आलंय. मधोमध सीलिंग रोज (छतावरची वायरी जोडायची गोल डबी) आणि लोंबता होल्डर आहे. तिथे सरफेसचा गोल एलईडी लावायचाय. बटण बंद करून घरीच लावला तर चालेल का?

उत्तर : दिवा घरी बदलता येईल, पण बटणावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेलं बरेचदा सापडतं. दिवा विझतो, तरी होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच असतात. त्यामुळे मेन स्विच पाडा, फ्यूज असेल तर तो उपसून स्वतःच्या खिशात ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला ‘लाइट गेली’ असंच वाटतं आणि तो त्याच वायरीत वीज सोडतो. हे हमखास विसरलं जातं.

मग तपासणी. निऑनचा टेस्टर दोन्ही बाजूंनी फसवतो. लाकडी स्टुलावर उभं राहिलात की तो इतका मंद पेटतो की उजेडात दिसत नाही, आणि शेजारच्या चालू वायरीमुळे मेलेल्या वायरीवरही पेटतो. मल्टिमीटर एसीच्या रेंजवर ठेवून आधी चालू प्लगवर बघा, मग रोजवर, मग मेन पुन्हा चालू करून त्याच प्लगवर, आणि वायरींना हात लावण्याआधी सगळं परत बंद करा. म्हणजे मीटर मध्येच बिघडला नव्हता याची खात्री होते. रोजवर तपासताना दिव्याचं बटण ‘चालू’ ठेवा. बटण न्यूट्रलवर असेल आणि बंद असेल, तर दोन वायरींमध्ये मीटर काहीच दाखवणार नाही आणि वायर मात्र जिवंत असेल. म्हणून प्रत्येक वायर एकेकटी, जवळच्या प्लगच्या अर्थिंगशीही तपासा. अर्थात त्या प्लगला खरंच अर्थिंग आहे हे आधी पाहून घ्या : वीज चालू असताना त्याच्या फेज आणि अर्थमध्ये साधारण 230 दिसायला हवेत.

वायरींच्या रंगावर जाऊ नका. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग हा नेम आहे. पण जुन्या घरात हाती आली ती वायर ओढलेली असते. रोज उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि वायरींना टेपचे तुकडे लावून खुणा करा. एकाच स्क्रूखाली दोन-तीन वायरी दिसल्या तर तो पुढच्या पॉइंटला जाणारा लूप आहे, तो सोडवायचा नाही. तीन टर्मिनलच्या रोजमध्ये तर एका टर्मिनलवर बटणाच्या आधीचा फेज असतो. तो दिव्याच्या वायरीला जोडला की दिवा कधी विझतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वायरीचा. कापडी वेष्टणाची, आत रबर असलेली वायर निघाली तर टोक हलकेच वाकवून पाहा. वर्षानुवर्षं 100 वॉटच्या बल्बची धग खाऊन रोजजवळचं रबर कडक झालेलं असतं. ते तडकलं, भुगा पडला, तर तिथेच थांबा. वरून टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे, कारण तडे टेपच्या पलीकडे पट्टीवरही असतात. वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीचं वेष्टण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर त्या सर्किटचं वायरिंग बदलायचं, दीड चौरस मिलिमीटरच्या आयएसआय तांब्याच्या वायरीने, 6 अँपिअरच्या एमसीबीवर (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर). मेगर लावण्यापूर्वी एलईडी काढून ठेवा, नाहीतर आकडा चुकतो आणि एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हरही जळू शकतो.

वायर शाबूत असेल तर जुना रोज काढू नका, जोड त्यातच करा. एलईडीच्या दोन वायरी जेमतेम वीतभर असतात. त्या पुरवण्यासाठी उघड्यावर पीळ मारून टेप लावतात, ते टाळा. 6 ते 8 मिलिमीटर वायर सोला, तारा पिळून दुमडा, स्क्रू आवळा आणि ओढून बघा. दिव्याची पट्टी बसवताना स्क्रू पाटात नको, कडीत हवा. पाटाच्या फळीत स्क्रू धरत नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला मुभा आहे. नवा पॉइंट काढणं किंवा वायरिंग बदलणं मात्र परवानाधारक ठेकेदाराचं काम.

प्रश्न : डोंबिवलीत 1970च्या दशकातला फ्लॅट. छतातून पांढरट, जाड एकच तार बाहेर आली आहे. नव्या दिव्याची वायर तांब्याची. पीळ मारू का?

उत्तर : मारू नका. ती ॲल्युमिनियमची वायर आहे, त्या काळात ती सर्रास वापरली जाई. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, स्क्रूखाली ते हळूहळू दबून सैल होतं आणि दमट हवेत तांब्याला चिकटून गंजतं. जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. दोन्ही धातूंसाठी असल्याचं लिहिलेला कनेक्टर आणा आणि दोन तारा वेगवेगळ्या स्क्रूखाली घ्या. सोलताना पक्कडीने तारेवर चरा पाडू नका, एकदोनदा वाकवल्यावर ती तिथेच मोडते. आणि मोडली की स्लॅबमधून पुढे ओढायला वायर शिल्लक नसते.

प्रश्न : नवा एलईडी बंद केल्यावरही मंद पेटत राहतो. दिवा खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा जरासा प्रवाह एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसेल तर आधी बटण न्यूट्रलवर आहे का ते तपासून घ्या आणि ते फेजवर आणून घ्या. तसं असेल तर मंद दिवा ही तक्रार किरकोळ, होल्डरमध्ये कायम राहणारी वीज मोठी.

प्रश्न : रत्नागिरीजवळ चिऱ्याचं कौलारू घर आहे. माजघरात पितळी झुंबर लावायचंय. पॉइंटला दोनच वायरी आहेत, अर्थिंग नाही.

उत्तर : मग धातूचं झुंबर तसंच लावू नका. आतली एखादी वायर सोलवटून धातूला टेकली की अख्खं झुंबर जिवंत होईल आणि फ्यूज उडणारही नाही. ‘न्यूट्रललाच जोडून टाकू’ असं कोणी सुचवलं तर त्याला चहा द्या, पक्कड देऊ नका : न्यूट्रल कुठेही तुटला की दिव्यातून येणारा फेज थेट झुंबरावर येतो. पाण्याच्या नळाला जोडणंही तसंच धोक्याचं, कारण पाइप मध्येच प्लास्टिकचा असतो. अर्थिंगच्या खड्ड्यापासून हिरवी वायर पॉइंटपर्यंत आणून घ्या आणि मेनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. ते जमेपर्यंत चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा प्लास्टिक बॉडीचा दिवा लावा, त्याला अर्थिंग लागत नाही.

झुंबराचं वजन वायरीवर कधीही नको. ते तुळईत बसवलेल्या हुकावर घ्या आणि वायर थोडी सैल सोडा. वर माळा असेल तर तिथून येणारी वायर पीव्हीसी पाइपातून घ्या, उघड्या वायरी उंदीर कुरतडतात. कौल गळतं त्या रेषेखाली पॉइंट येत असेल तर तो हलवून घ्या, आणि हे काम पावसाळ्यापूर्वी उरका.